गड चढणारं पाणी

एका राज्यात एक गड होता, गडाखाली तळं होतं. तळ्यात धीवरांचे शिंगाडे पिकत. राजा होता हौशी. त्याच्याकडे आला धूम्रकेश जादूगार. त्यानं गडावर काशाची मुंडकी मांडली, ओळीनं हजार. काहीही विचारा, मुंडकं उत्तर देई. राजा विचारी, "आज पगडी कुठली बांधू?" दरबारी विचारीत, "मी कसा दिसतो?" उत्तरं देता देता मुंडकी लालबुंद तापत. मग धूम्रकेश मंत्र म्हणे, आणि त्यांना निववायला तळ्याचं पाणी आपल्या पायांनी गड चढे. मुंडक्यांना बोलतं ठेवायला गावच्या चुलीतला विस्तवही उंबरा ओलांडून मागोमाग निघे.

शिंगाड्याचे वेल चिखलात काळे पडले. तेव्हा सारजा धीवरीण पदर खोचून गडावर गेली.

"राजा, आमचं पाणी सोड."

धूम्रकेश हसला. "तीन कामं कर. हरलीस तर गाव उठवीन."

"बोल की. दम कुणाला देतोस?"

पहिलं काम, विस्तवावाचून दरबार उजळायचा. सारजानं भोपळाभर काजवे आणून सोडले. झालं.

दुसरं, थेंबभर पाण्यावाचून तापलं मुंडकं निववायचं. सारजा त्याच्यापुढं फतकल मारून बसली. "आता कुणी काही विचारायचं नाही. तोंड उघडेल त्याच्या तोंडात चिखल कोंबीन." दरबार चिडीचूप. सांजेला तिनं मुंडक्यावर गाल टेकून दाखवला. गार!

तिसरं, चढतं पाणी खाली वळवायचं. इथं मात्र सारजा अडली. तळ्याकाठी येऊन बसली, तर पाणकावळा बोलला, "सारजाबाई, ज्याच्या हौसेपायी पाणी चढतं, त्यानं स्वतः एक घागर वर नेली की मंत्र तुटतो. पण तो राजा पडला."

"असेना. खांदा आहे ना त्याला?"

तिनं रिकामी घागर राजापुढं आदळली. "उचल."

"मी?"

"आमच्या घाटावर बाळंतिणीचं नि आजाऱ्याचं पाणी दुसरा भरतो. तू यांतला कोण?"

दरबारात खसखस पिकली. राजा मुंडक्याकडे वळला. "मी घागर उचलू का?"

"आधी पाणी," मुंडकं म्हणालं.

दुसऱ्याला विचारलं. "आधी पाणी."

धूम्रकेशानं मंत्र म्हटला. तळ्यात उरलं होतं डबकं, आणि डबक्याभोवती सगळं गाव पाय रोवून उभं, पोरंबाळं कडेवर घेऊन. पाणी हललं नाही. मुंडकी तहानेनं किंचाळू लागली, तशी राजानं निमूट घागर उचलली.

लोकांनी त्याला वाट दिली. त्यानं भरली, खांद्यावर घेतली. धापा टाकत, ठेचा खात चढला. वर टेकवली मात्र, काशाला तडे गेले. पाणी धो धो उतरलं, विस्तव आपापल्या चुलीत परतला. धूम्रकेश धूर होऊन गेला. कुठं, ते कुणी विचारलं नाही.

एक मुंडकं तेवढं शाबूत राहिलं. राजानं दवंडी पिटली, ज्याला विचारायचंय त्यानं आपलं पाणी आपण आणावं. वर्षाकाठी एखादी आई चढते, लेकराचा ताप उतरत नसला की.

त्यांचं तळं भरलं, तशी तुमची-आमची भरोत; आणि उपसायला कुणी आलाच, तर आपणही काठावर उभे असू.