एप्रनच्या खिशात मावेल एवढी इच्छा

युरोपच्या नकाशावर भिंग लावून पाहिलंत ना, तरी टिंकेनलँड सापडेलच असं नाही. दोन भल्यामोठ्या देशांच्या मधल्या चिमटीत ते बसलं होतं. जेवण झाल्यावर शतपावलीला निघालेला माणूस गप्पांच्या नादात परदेशात पोचायचा आणि मग ओशाळून परत यायचा. देशात डोंगर एक, तळं एक, जंगल एक. नदीही होती हो, पण बिचारी पुलाएवढी रुंद व्हायच्या आतच सरहद्द ओलांडून जायची, त्यामुळे पूल सगळे पलीकडच्या देशात.

माणसं चारशे अकरा, आणि गायी त्याहून जास्त. गायींच्या दुधाचं पिवळंधमक चीज व्हायचं, ते शेजारचे दोन्ही देश मिटक्या मारत विकत घ्यायचे, आणि त्यावर अख्ख्या देशाची चूल पेटायची. राजा नव्हता. लष्कर होतं, त्याचं नाव कास्पर. तोच सरहद्दीवर पहारा करायचा, तोच जकात घ्यायचा, आणि सणासुदीला तोच पिपाणी वाजवायचा.

या देशाच्या अगदी वरच्या टोकाला, देवदारांच्या हिरव्यागार जंगलाशेजारी, व्रेनी नावाची नऊ वर्षांची मुलगी आईसोबत राहायची. घर लाकडी, एका खोलीचं. खिडकीची काच फुटली होती, तिथे आईने जुन्या गोधडीचं ठिगळ लावलं होतं. व्रेनीच्या झग्याला इतकी ठिगळं होती, की मूळ झगा कुठला हे तिलाही सांगता आलं नसतं. पण त्यांच्याकडे ब्रुना होती! ब्रुना म्हणजे त्यांची तपकिरी, म्हातारी, मायाळू गाय. दात पडलेले, दूध आटलेलं, पण डोळे असे की तिच्याकडे पाहिलं की भूक विसरायला व्हायचं. थंडीत व्रेनी तिच्या पोटाला टेकूनच झोपायची.

आणि आता ब्रुनावरच संकट आलं होतं.

त्याचं असं झालं. टिंकेनलँडमध्ये मत द्यायची एक पद्धत होती. मे महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळे चौकात जमायचे, प्रत्येक घराची एक घंटा घेऊन. ठराव मांडला की त्याच्या बाजूचे लोक घंटा वाजवायचे, मग विरोधातले वाजवायचे. ज्यांचा आवाज मोठा त्यांचं खरं. आवाज कुणाचा मोठा हे ठरवायला ओडिलियाआजी डोळे मिटून खुर्चीत बसायच्या. घरात गायी जास्त तर घंटा मोठी, गाय एक तर घंटा लिंबाएवढी. सभापती क्नोप्फ यांच्याकडे तीस गायी, म्हणून त्यांची घंटा बादलीएवढी! ती एकदा घणघणली की बाकीच्यांचं काही ऐकूच यायचं नाही. अकरा वर्षं त्यांचाच ठराव पास होत होता. लोकांनी तर घंटा वाजवायचंच सोडून दिलं होतं. उगाच हात कशाला दुखवायचे?

यंदा क्नोप्फ यांना आणखी दोन गायी घ्यायच्या होत्या, आणि गायरानात जागा नव्हती. म्हणून त्यांनी ठराव आणला होता, की जी गाय दूध देत नाही तिला गायरान बंद. म्हणजे ब्रुनाला पलीकडच्या देशात विकणं आलं. पलीकडे म्हाताऱ्या गायींचं काय करतात, असं व्रेनीने विचारलं की आई चुलीकडे तोंड फिरवायची.

विरोध तरी कसा करणार? या मायलेकींच्या लिंबाएवढ्या घंटेचा लोलक केव्हाच हरवला होता. आत लोंबतो आणि टोले देतो तो लोलक हो! त्याच्या जागी आईने लाकडी चमचा बांधला होता. घंटा हलवली की आवाज यायचा, ठप.

शनिवारी सकाळी व्रेनी ब्रुनाला घेऊन जंगलात गेली. उन्हाच्या सोनेरी तिरिपा देवदारांतून खाली उतरल्या होत्या. दवाचे इवलेइवले मोती गवतावर लुकलुकत होते, आणि मधोमध निळ्या-जांभळ्या घंटाफुलांचा ताटवा डुलत होता. ब्रुनाने त्यातली घसघशीत मूठभर फुलं तोंडात घेतली आणि चघळायला सुरुवात केली.

"अगं ए! अगं सोड! मी आत आहे!" ब्रुनाच्या तोंडातून चिमुकला आवाज आला.

"अय्या! ब्रुना, थूक! थूक बघू आधी!" व्रेनीने तिच्या तोंडात कोपरापर्यंत हात घातला आणि काहीतरी ओढून काढलं.

ती होती परी! अंगठ्याएवढी, चांदण्याच्या झग्यातली, आणि डोक्यापासून पायापर्यंत लाळेने चिंब. तिचे गुलाबी पंख ओल्या रुमालासारखे लोंबत होते.

"शी, शी, शी," परी म्हणाली. "हिला दात नाहीत म्हणून वाचले हो मी."

व्रेनीने तिला एप्रनने हळूच पुसलं, तळहातावर बसवून फुंकर घालून पंख वाळवले, आणि खिशातला पावाचा शेवटचा तुकडा तिच्यापुढे धरला. परीने त्यातला एक कण खाल्ला. तिचे पंख निळे, मग हिरवे, मग मोरपंखी होऊन झगमगले.

"गुणाची गं माझी बाय ती! माग, तीन इच्छा माग. पण नियम आहेत हं. देश आपला केवढासा! म्हणून इच्छाही लहान. एप्रनच्या खिशात मावेल एवढंच मागायचं. आणि दुसरं, मी फक्त इथली परी आहे. सरहद्दीपलीकडचं काही मागायचं नाही. तिकडची परी वेगळी, तिचे नियम वेगळे, आणि आम्ही एकमेकींशी बोलत नाही."

"ब्रुनाला पुन्हा तरणी कर ना!"

परीने ब्रुनाकडे पाहिलं, मग खिशाकडे पाहिलं. "मावेल?"

"मग... दूध?"

"खिसा गळेल, सोन्या."

व्रेनी विचारात पडली. मग तिचे डोळे चमकले. घंटेचा लोलक! तो तर खिशात आरामात मावतो. पण तो उद्याच लागणार. इच्छा तीन आहेत, घाई कशाला? "उद्या मागितलं तर चालेल?" असं तिने विचारलं. परी हसली, तिच्या केसांत शिरली आणि एखाद्या चमचमत्या पिनेसारखी तिथेच बसून राहिली.

रविवारी सकाळी व्रेनी, आई आणि ब्रुना चौकाकडे निघाल्या. वाटेत सरहद्दीच्या फाटकापाशी कास्परकाका उभा होता. एका हाताने सलाम ठोकत होता आणि दुसऱ्या हाताने विजार धरून.

"बटण तुटलं गं पोरी," तो रडकुंडीला येऊन म्हणाला. "हात सोडला तर लष्कराची अब्रू गेली. एक हात सलामाला, एक विजारीला, आता घंटा वाजवू कशाने? लष्कराचीही एक गाय आहे, तिचं मत कोण देणार?"

व्रेनीला राहवलं नाही. तिने खिशात हात घातला आणि पुटपुटली, "एक बटण." खिशात काहीतरी टकटकलं. पितळेचं, पिवळंजर्द, चकाकतं बटण!

चौकात रंगीबेरंगी पताका फडफडत होत्या. ओडिलियाआजी खुर्चीत बसल्या होत्या खऱ्या, पण खोकून खोकून बेजार. "अशा खोकल्यात मला काय कपाळ ऐकू येणार?" त्या म्हणाल्या. व्रेनीने त्यांच्याकडे पाहिलं मात्र, हात आपोआप खिशात गेला. मधाची एक सोनेरी गोळी निघाली. आजींनी ती जिभेवर ठेवली आणि खोकला असा पळाला, की विचारू नका.

"दोन झाल्या हं," परी केसांतून कुजबुजली.

"ठाऊक आहे गं. तिसरी आमचीच," व्रेनी म्हणाली आणि आईकडून घंटा घेऊन कारंज्यामागे गेली, म्हणजे लोलक मागायला आडोसा बरा.

तिथे पाहते तर काय! आडोशाला बादलीएवढी घंटा मांडीवर घेऊन सभापती क्नोप्फ हमसाहमशी रडत होते. एवढा देशातला सगळ्यांत जाडजूड माणूस, मिशा नाकात, नाक रुमालात.

"काय झालं, सभापतीकाका?"

"सराव करत होतो गं सकाळी. जरा जोरात वाजवली. लोलक निसटला, उडाला, आणि परदेशात जाऊन पडला! तिथल्या लोकांच्या डबक्यात! परत आणायचा तर अर्ज लागतो, आणि रविवारी त्यांची कचेरी बंद. बाहेरून काठीने ठोकावं म्हटलं, तर त्याला कायद्याने बंदी. आणि कायदा मीच केलाय! आज मला मतच देता येणार नाही गं."

व्रेनीला आधी बरंच वाटलं. खोटं कशाला सांगा, अगदी आनंदाने उडी मारावीशी वाटली. लोलक नाही म्हणजे आवाज नाही, आवाज नाही म्हणजे ब्रुना वाचली! पण त्यांच्या हनुवटीवरून एक टपोरा थेंब घंटेवर पडला, आणि तिला आपली घंटा आठवली. ठप. आपलं म्हणणं कुणालाच ऐकू न जाणं कसं असतं, हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं?

तिने डोळे गच्च मिटले. "ब्रुना, रागावू नकोस हं," असं मनात म्हणाली आणि तिच्या गालांवरून पाणी घळाघळा वाहायला लागलं. मग तिने खिशात हात घातला. "एक लोलक. काकांच्या घंटेला."

आला. पण खिशात मावेल एवढाच! करंगळीच्या पेराएवढा, चांदीसारखा चिमुकला लोलक.

"एवढासाच?" क्नोप्फ म्हणाले.

"खिसा एवढासाच आहे, काका."

त्यांनी नाक पुसलं, लोलक बांधला, आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "पोर गुणी आहेस. पण उपकार वेगळे आणि सरकार वेगळं हं!" असं म्हणून ते ताठ मानेने व्यासपीठावर चढले. माणसाचा स्वभाव काय एका लोलकाने बदलतो?

ठराव वाचून झाला. ओडिलियाआजींनी डोळे मिटले. लोकांनी सवयीने कानांवर हात ठेवले. क्नोप्फ यांनी दोन्ही हातांनी ती अजस्र घंटा उचलली आणि सगळं बळ लावून हलवली.

टिंक.

कारंजंसुद्धा जरा थांबल्यासारखं वाटलं. मग कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि सगळ्यांनी कानांवरचे हात काढले.

"विरोधात कोण?" ओडिलियाआजींनी विचारलं.

सगळ्यांत आधी कास्परकाकाने वाजवली, दोन्ही हातांनी, कारण विजार आता बटणाच्या भरवशावर होती! मग पाववाल्याने वाजवली. मग चीजवाल्या बायकांनी. अकरा वर्षं न वाजता गंजलेल्या घंटा किणकिणल्या, छुनछुनल्या, झिमझिमल्या, आणि चौक असा दुमदुमला की कबुतरं उडून थेट परदेशात गेली. त्या गलक्यात व्रेनीनेही आपली घंटा हलवली.

आवाज थांबल्यावर ओडिलियाआजी डोळे मिटूनच हसल्या. "ठरावाच्या बाजूने एक टिंक. विरोधात पुष्कळ टिंक, आणि एक ठप. ठपसुद्धा धरलाय मी. ठराव नापास!"

व्रेनी ब्रुनाच्या गळ्यात पडली. आई हसत होती आणि पदराने डोळेही पुसत होती, म्हणजे एप्रनच्या पदराने. क्नोप्फ मात्र तोंड उघडं टाकून चौकभर बघत राहिले. "इतक्या घंटा आहेत आपल्या देशात?" ते हळूच म्हणाले. "माझीच कानाशी वाजायची. मला कधी कुणाची ऐकूच आली नाही." आणि डबक्यातला लोलक आणायचा अर्ज त्यांनी पुढे कधी केलाच नाही. उलट पुढच्या मे महिन्यात त्यांनीच ठराव मांडला, की देशातल्या सगळ्या घंटांचे लोलक एकाच मापाचे असावेत. तो पास झाला, हे काय सांगायला हवं?

संध्याकाळी गायरानावर गुलाबी ऊन पसरलं होतं. परी ब्रुनाच्या शिंगावर येऊन बसली.

"तिन्ही इच्छा दुसऱ्यांवर उधळल्यास," ती म्हणाली. "वेडाबाई! आता मागे बघ."

मागे गवतात एक इवलंसं, लोण्यासारखं पांढरं वासरू थरथरत उभं होतं, कपाळावर घंटाफुलाएवढा निळसर ठिपका. ब्रुना त्याला चाटत होती, आणि तिच्या आचळांतून दुधाचे थेंब टपटपत होते.

"पण हे तर खिशात मावत नाही!" व्रेनी म्हणाली.

"इच्छा मावावी लागते, बाळा. बक्षिसाला माप नसतं."

परीचे पंख सोनेरी झाले, मग केशरी, मग इतके लखलखीत की व्रेनीने डोळ्यांपुढे हात धरला. निळ्या-जांभळ्या ठिणग्यांचा एक झोत गायरानावरून फिरला, आणि परी प्रकाशात विरघळून गेली. हात काढला तेव्हा गवतात नुसता चमचमता चुरा उरला होता. व्रेनीच्या घंटेतून लाकडी चमचा नाहीसा झाला होता. तिथे एक नवाकोरा लोलक लोंबत होता, अगदी तिच्या मापाचा.

तिने घंटा उचलली, वासराच्या कानाशी नेली आणि हळूच हलवली.

टिंक.

"ऐकलंस?" ती म्हणाली. "हे आपलं मत."