एक स्टार आणि कच्चा भोपळा

“चाचा, हा एक स्टार पुसायचा कसा, तेवढं सांगा.”

श्रीपाल मगदूम उंबऱ्यातूनच बोलला. एका हातात मोबाईल, दुसऱ्या हातात नवा कोरा तंबोरा. बसणं नाही, ख्यालीखुशाली नाही.

मिरजेत दस्तगीरचाचांच्या हाताखाली अकरा वर्षं तो तंबोरे करायला शिकला. मी तिथेच पॉलिशला असतो, त्यामुळे सगळं पाहिलंय. आता बाजारात त्याचं काचा लावलेलं, तंबोऱ्यांचं दुकान आहे. पोरगा गुणी, पण पार शेफारलाय.

“कसला स्टार?” चाचा तारा पुसत होते.

“लोक मोबाईलवर दुकानाला स्टार देतात. चारशेजणांनी पाच-पाच दिले, एकानंच एक दिला. परदेशातली एक संगीतशाळा चाळीस तंबोरे घेणार होती. तेवढं वाचून अडून बसलीय. शुक्रवारपर्यंत तो स्टार गेला नाही, तर काम गेलं.”

“चारशेजणांनी तंबोरे नेले?”

श्रीपालनं मान खाजवली. “नाही... एका कंपनीकडून पैसे देऊन लिहून घेतले. सगळेच घेतात हो!”

“बरं. त्या एकानं लिहिलंय काय?”

“बरळलाय काहीतरी. ‘भोपळा कच्चा आहे, उन्हाळ्यात तडकेल.’ नाव नाही, गाव नाही. मीही सोडतोय होय! खाली लिहून टाकलं, ‘तुम्हाला तंबोऱ्यातलं ओ की ठो कळत नाही. तुम्ही आमच्या दुकानात कधी पाऊलही ठेवलेलं नाही.’”

चाचांचा हात थांबला...

“तीनदा ठेवलं.”

“काय?”

“तीनदा आलो होतो. बाहेर मांडलेला भोपळा ठोकून पाहिला. तू आत फोनवर होतास. गल्ल्यावरची बाई म्हणाली, ‘आजोबा, काही सांगायचं असेल तर मोबाईलवर लिहा.’ मग सुनेकडून लिहून घेतलं.”

या अल्ला! माझ्या हातातला बोळा तसाच राहिला. ज्यानं हातात पटाशी धरायला शिकवलं, त्याला यानं साऱ्या जगासमोर अडाणी ठरवलं होतं. श्रीपालचा चेहरा तर पांढराफटक पडला.

“चाचा... तुम्ही?... अहो, नाव तरी घालायचं!”

“नाव घातलं असतं तर भोपळा वाळला असता?”

चाचांनी त्याच्या तंबोऱ्याकडे बोट केलं.

“हातातला ठोक.”

आमच्याकडे भोपळा वर्षभर आढ्याला टांगलेला असतो. मग त्यावर बोटाचं पेर मारायचं. वाळला असेल तर खणकन बोलतो. श्रीपालला हे आमच्याइतकंच ठाऊक होतं. त्यानं पेर मारलं.

थप्प.

पुन्हा मारलं. पुन्हा थप्प.

त्यानं तंबोरा खाली ठेवला. “किती दिवस... मी ठोकूनच पाहिलं नाही, चाचा.”

चाचा पुन्हा तारा पुसू लागले.

मग त्यानं आमच्यासमोरच त्या शाळेला निरोप धाडला... भोपळे कच्चे आहेत, वर्षभर थांबणार असाल तरच घ्या. मला खरंच वाईट वाटलं.

“आणि मी तुम्हाला लिहिलेलं ते... आत्ता पुसतो.”

चाचांनी मोबाईलवर हात ठेवला.

“राहू दे. खरं तेच लिहिलंयस तू. तीनदा आलो, पण माझ्या श्रीपालचं दुकान काही मला सापडलं नाही.”