टिटवीची बातमी आणि कोल्ह्याची विचारपूस

एका डोंगराच्या उतारावर दाट जंगल होते आणि जंगल संपते तिथे एक खडकाळ माळ होता. बालमित्रांनो, त्या माळावर एक टिटवी घर करून राहत असे. घर म्हणजे काय, तर दगडगोट्यांमधला एक उथळ खळगा आणि त्यात ठिपक्याठिपक्यांची अंडी. वर फांदी नाही, बाजूला आडोसा नाही.

ही टिटवी रोज सकाळी सगळे जंगल फिरून येई आणि जे पाहिले ते खणखणीत आवाजात सर्वांना सांगे. "पाणवठ्याच्या डाव्या अंगाला गाळ साचलाय, पाय रुततील. वस्तीवरची कुत्री आज मोकळी आहेत. करवंदं अजून आंबट आहेत." या कामाचे ती एकच मोल घेई. ती बाहेर असताना कोणीतरी तिच्या अंड्यांपाशी उभे राहायचे, कारण माळावर एक घोरपड होती आणि घोरपडीला अंडी फार आवडत. आज हरिणी, उद्या रानडुक्कर, मग मोर, मग साळिंदर, अशी पाळी ठरलेली होती.

पाळी कोणालाच आवडत नसे. उन्हात ताटकळायचे, आणि ऐकायला काय मिळायचे, तर गाळ आणि कुत्री. "करवंदांशी माझा काय संबंध?" रानडुक्कर कुरकुरे. "मी कंद खातो." मोराचे दुखणे वेगळे होते. तो म्हणे, "इतके दिवस ऐकतोय, पण बातमीत माझं नाव एकदाही आलं नाही." साळिंदर तर जन्माचेच भित्रे. ते म्हणे, "हिचा आवाज ऐकला की माझे काटे आपोआप उभे राहतात. सकाळी सकाळी काही चांगलं बोलावं ना माणसानं."

ही कुरकुर एका कोल्ह्याच्या कानावर गेली. तो या जंगलात नवा होता आणि बोलायला फार गोड होता. तो म्हणाला, "अहो, ज्याला जे आवडतं तेच मी सांगीन, आणि तेही त्याच्या दारात येऊन. उन्हात उभं राहायला नको, अंडी राखायला नकोत. अगदी फुकट. फक्त तुमची आवडनिवड कळायला हवी, म्हणून थोडी विचारपूस करीन, इतकंच."

विचारपूस खरोखरच साधी होती. मोराला त्याने विचारले, "महाराज, नाचायला कुठल्या टेकाडावर जाता?" रानडुकराला विचारले, "दुपारचं लोळणं कुठल्या डबक्यात?" साळिंदराला विचारले, "तुम्हाला भीती कशाची वाटते?" साळिंदर इकडेतिकडे पाहत म्हणाले, "माझ्या काट्यांवर कोणीतरी टपलंय असं सारखं वाटतं." कोल्ह्याने मान डोलावली.

हरिणीला मात्र त्याने जरा हळू आवाजात विचारले, "ताई, पाडस कुठं झोपतं?"

"ते कशाला हवं तुम्हाला?" हरिणी म्हणाली.

"म्हणजे त्याची झोप मोडणार नाही, अशा बेतानं बातमी घेऊन येता येईल. लहान लेकरू आहे हो."

इतकी काळजी आजवर कोणी केली नव्हती. हरिणी विरघळली. "करवंदीच्या जाळीमागे झोपतं. पण कोणाला सांगू नका. मी ही जागा कोणालाही सांगितलेली नाही."

"माझ्या पोटात राहील," कोल्हा म्हणाला.

मग काय विचारता, जंगलात सगळे खूश झाले. मोराला रोज मोराच्या पिसाऱ्याची बातमी मिळू लागली. रानडुकराला कंदांची, हरिणीला कोवळ्या गवताची. साळिंदराला रोज कळू लागले की त्याच्या काट्यांसाठी आणखी कोणकोण टपले आहे. ते घाबरून अर्धे झाले, पण बातमी ऐकायचे सोडीना. "मला वाटलंच होतं," एवढेच ते म्हणे, आणि त्यात त्याला एक प्रकारचे समाधान वाटे.

एकदा मोर आणि रानडुक्कर वाटेत भेटले. मोर म्हणाला, "सध्या जंगलात सगळीकडे माझ्या पिसाऱ्याचीच चर्चा आहे." रानडुक्कर म्हणाले, "छे, चर्चा कंदांची आहे. मी रोज ऐकतो." दोघांचे असे कडाक्याचे भांडण जुंपले, की डबक्यातल्या बेडकांनी जागा बदलली. दोघेही आपल्या जागी खरे बोलत होते.

आता टिटवीकडे पाळीला कोणी फिरकेना. तिने निरोप धाडला, "तुम्ही आला नाहीत तर मला अंड्यांवरून उठता येणार नाही. मग बातमी कोण आणणार?" रानडुकराने उलट निरोप धाडला, "बसा खुशाल." टिटवी बसली. त्यामुळे डोंगरापलीकडून एक बिबट्या या जंगलात आला आहे, ही बातमी कोणालाच कळली नाही. कोल्ह्याला ती माहीत होती, पण ती कोणाच्याच आवडीची नव्हती.

एके दिवशी उन्हे कलायला लागली असताना बिबट्या आणि कोल्हा माळाच्या कडेने बोलत चालले होते. टिटवी खळग्यात अंग चोरून बसली होती. तिचा रंग मातीत मिसळून गेला होता, त्यामुळे ती त्यांना दिसली नाही.

"डुक्कर डबक्यात सापडेल, पण त्याला सुळे आहेत," कोल्हा सांगत होता. "मोर टेकाडावर असतो, पण त्यात नुसती पिसंच फार. सरकार, तुमच्यासाठी हरिणीचं पाडस बघून ठेवलंय. करवंदीच्या जाळीमागे झोपतं. आईला मी आत्ताच ओढ्यापलीकडच्या गवताची बातमी देऊन तिकडं पाठवलंय. उरलंसुरलं तेवढं मला ठेवा."

"आधी पाणी पिऊन येतो," बिबट्या म्हणाला, आणि दोघे पाणवठ्याकडे वळले.

टिटवीने बसल्या जागेवरून ओरडून पाहिले. जंगलातून मोराचा वैतागलेला आवाज आला, "झालं हिचं रडगाणं सुरू." टिटवीने मागे पाहिले. घोरपड दगडावर ऊन खात बसली होती आणि तिचे डोळे अंड्यांवर होते. उठावे तर अंडी जातात, न उठावे तर पाडस जाते. टिटवी क्षणभर तशीच थांबली. मग उठली आणि थेट ओढ्यापलीकडे गेली.

"हरिणी, बिबट्या आलाय. पाडसाला हलव," ती धापा टाकत म्हणाली.

हरिणीने गवत चघळत तिच्याकडे पाहिले. "बिबट्या? कोल्हेदादांनी तर असं काही सांगितलं नाही. तुम्हाला आपलं रोज काहीतरी वाईटच दिसतं, टिटवीबाई."

"तो करवंदीच्या जाळीकडं निघालाय."

हरिणीचे चघळणे थांबले. "जाळी तुम्हाला कोणी सांगितली?"

"कोल्ह्यानं बिबट्याला सांगितली. मी ऐकली."

"मी तर एकट्या कोल्ह्याला..." हरिणीने वाक्य पुरे केले नाही. ती अशी सुटली की ओढा तिने कधी ओलांडला ते तिलाही कळले नाही. जाळीमागून पाडसाला उठवले आणि ढोसत ढोसत दाट बांबूच्या बेटात नेले. तिथे तिने त्याला इतके चाटले की ते बिचारे कंटाळले.

इकडे जाळी रिकामी झाली, पण फार वेळ रिकामी राहिली नाही. त्या दिवशी कोल्ह्याने साळिंदराला नेहमीसारखीच बातमी दिली होती, की काटे न्यायला आज नक्की कोणीतरी येणार. बिळात थांबायचा धीर न होऊन साळिंदर लपायला जागा शोधत होते. करवंदीची जाळी त्याला बरी वाटली. ते आत शिरले, तोंड आत करून बसले आणि पाठ बाहेरच्या बाजूला ठेवली.

बिबट्या दबक्या पावलांनी आला, मागोमाग कोल्हाही आला. पालापाचोळ्यात काहीतरी धपापत होते. त्याने मोठ्या अपेक्षेने पंजा आत घातला.

त्याचा आवाज ऐकून रानडुक्कर डबक्यातून उठून बसले. बिबट्याच्या पंजात काटे रुतले होते, आणि वास घ्यायला पुढे केलेल्या नाकातही एक होता. "हे पाडस?" तो कोल्ह्याला म्हणाला. कोल्हा काही गोड बोलायच्या बेतात होता, पण या खेपेला आवडीची बातमी त्याला सुचली नाही. तो पळाला, बिबट्या लंगडत त्याच्या मागे धावला, आणि दोघेही डोंगर ओलांडून गेले. जाळीतून साळिंदराचा थरथरता आवाज आला, "सगळे काट्यांवर टपलेत, हे मी आधीपासून सांगत होतो."

टिटवी माळावर परतली तेव्हा खळग्यात एक अंडे फुटलेले होते. घोरपड दुसऱ्याकडे वळणार तोच टिटवी तिच्या डोक्यावर झेपावली आणि घोरपड दगडाखाली शिरली. टिटवी उरलेल्या अंड्यांवर पंख पसरून बसली.

संध्याकाळी हरिणी पाडसाला घेऊन आली. फुटलेले अंडे पाहून तिची मान खाली गेली. "माझ्यामुळे झालं," ती म्हणाली. "उद्यापासून मी इथंच उभी राहीन." रानडुक्करही आले आणि आपल्या निरोपाची आठवण कोणी काढू नये म्हणून उगाच माती हुंगत राहिले.

दुसऱ्या दिवशी टिटवीने जंगल फिरून बातम्या सांगितल्या. पाणवठ्यावर गाळ होता, वस्तीवरची कुत्री मोकळी होती आणि बिबट्याचा माग डोंगरापलीकडे गेला होता. सगळ्यांनी शेवटपर्यंत ऐकले. मोराने मान उंच करून विचारले, "माझ्याबद्दल काही आहे का?"

"आहे तर," टिटवी म्हणाली. "उद्या अंडी राखायची पाळी तुझी आहे."

तात्पर्य : खरी बातमी आणणाऱ्याचे कष्ट आपणही थोडे उचलावेत, आणि फुकट बातमी देणारा आपल्याविषयीच फार विचारू लागला, तर ते तो पुढे कोणाला सांगतो, हे आधी त्याला विचारावे.