चाळीस माणसांचा भात

ही गोष्ट सांगायचा मला कंटाळा आलाय. पण आश्रमात नवा माणूस आला की विचारतोच, अन् बाकीचे माझ्याकडं बोट करतात. सांगतो. मध्ये बोलायचं नाही.

“सूची केलीस, मग यंत्र ती बघत का नाही?” अक्कांनी विचारलं.

हरवलेली माणसं सांभाळणारा आमचा आश्रम. अक्का त्याच्या प्रमुख. समोर त्यांचा लाडका शिष्य हृषीकेश बोडस, शिकलेला, संगणकवाला. माणसांच्या नोंदी शोधणारं यंत्र त्यानंच बसवलेलं. मी फाटकावरचा.

“नावांची सूची आहे, गावांची आहे, अंगावरच्या खुणांचीही आहे,” बोडस म्हणाला. “पण यंत्र आधी अंदाज बांधतं. नोंदी थोड्या वाटल्या, की सूची सोडून पहिल्यापासून एकेक वाचत बसतं.”

“त्याला किती वाटतात?”

“चाळीस.”

“आहेत किती?”

“नऊ आश्रमांच्या मिळून... ऐंशी हजार.”



सकाळी एक बाई आली होती. मुलगा हरवलेला, डाव्या कानामागं डाग. यंत्र शोधत राहिलं. दुपारची एकुलती एक एस.टी. लागली, बाई गेली. मग उत्तर आलं. मुलगा आमच्याच दुसऱ्या आश्रमात होता. बाईचा पत्ता कुणी विचारला नव्हता. मीसुद्धा नाही.

“नोंदी मोजून यंत्राला सांगायचं बटण आहे ना?” अक्कांनी विचारलं.

“दर रविवारी ते दाबायचं काम मामांचं.” बोडसनं माझ्याकडं बघितलं. “त्यांनी दाबलं नाही.”

दाबत होतो. पहिल्याच महिन्यात यानंच हात धरला. “मामा, त्यानं यंत्र मंदावतं. तुम्हाला काय कळतंय त्यातलं? सोडा ते.”

चारचौघांत मी काही बोललो नाही...

अक्कांनी स्वयंपाकघरातून एक लहान पातेलं भरून आणवलं अन् बोडसच्या हातात दिलं.

“आश्रम निघाला तेव्हाचं हे. चाळीस माणसांचा भात मावतो. जा, पंगतीला वाढ.”

“अक्का, पंगतीला तीनशे आहेत.”

“वाढ.”

दुसऱ्या रांगेतच डाव रिकाम्या पातेल्यात खडखडला. पुढची माणसं ताटावर हात ठेवून बसलेली. एक येडा हसला, “साहेब, हवा तरी वाढा.”

बोडस परत आला अन् अक्कांच्या पायांवर पडला.

“चुकलं, अक्का. माफ करा.”

अक्कांनी पाय आखडून घेतले.

“सगळी माफी पहिल्याच ताटात ओतून मोकळा होऊ नकोस. पंगत मोठी आहे.”

त्या पंगतीच्या टोकाला मी बसलो होतो. अजून बसलोय. तिथवर माफी वाढत हृषीकेश बोडस काही आला नाही.