दाबाखालची साखळी

एकदा एका वृद्ध आचार्यांच्या प्रयोगशाळेत एक कारखानदार तावातावाने शिरला. आचार्यांच्या शिष्येने त्याच्या कारखान्यामागच्या ओढ्याचे पाणी तपासले होते. ते पिऊन गावातली गुरे दगावत होती, आणि उद्याच्या ग्रामसभेत ती हे सांगणार होती.

"उद्या तोंड उघडलंस तर पदवी विसर! विद्यापीठात माझा शब्द चालतो," कारखानदार गरजला. शिष्येने मान खाली घातली. इतक्या वर्षांची मेहनत डोळ्यांदेखत पाण्यात जात होती.

आचार्यांनी पोलादी पात्रात एक द्रावण भरले, झाकण आवळले आणि पंपाचा दांडा चक्क कारखानदाराच्या हाती दिला.

"दाबायची एवढी हौस आहे ना शेठ? मग दाबा की! आत पाण्यात विरघळलेलं आम्ल आहे. त्याच्या रेणूची लांबच लांब साखळी सध्या वेटोळं करून निमूट बसलीय."

कारखानदार इरेला पेटला. समुद्रतळाशी असावा इतका दाब चढला. आणि बघा गंमत, आम्लाचा जोर दाखवणारा काटा वरच सरकू लागला!

"अहो, हे उलटंच वाढतंय!"

"वाढणारच. एरवी साखळीची प्रत्येक कडी आपला आम्लकण धरून ठेवते. दाब वाढला की ते कण सुटू लागतात, कारण सुटलेल्या कणांभोवती पाणी गच्च बिलगतं आणि सगळं कमी जागेत मावतं. मग कड्यांवर एकसारखा विद्युतभार येतो, त्या एकमेकींना रेटतात आणि वेटोळं उलगडतं. तुम्ही तिला चिरडत नव्हता शेठ, उभी करत होता!"

शिष्येने मान वर केली. पण कारखानदारही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. त्याने झडप उघडून दाब सोडून दिला. काटा खाली आला.

"घ्या, सोडला दाब," तो गोड हसला. "पोरी, पदवी घे, वर माझ्याकडे नोकरीही घे. उद्या फक्त घरी बस."

दाब गेला की ती साखळी पुन्हा वेटोळे करते, हे आचार्यांना ठाऊक होते. ती उभीच राहते, असे खोटे कसे सांगणार?

शिष्या काट्याकडे पाहत म्हणाली, "साखळी बसली, सर. बसू दे तिला. मी नाही बसणार. शेठ, सभा सकाळी आहे, तुम्हीही या."

कारखानदार पाय आपटत निघून गेला. आचार्यांनी डोळे पुसले आणि पात्र धुवायला घेतले.

धमकावणारे आपल्यालाही भेटतात, आणि मग गोड बोलणारेही तेच असतात. तेव्हा आपली मान कुठे आहे, एवढे पाहावे.