टिकलीचा दात ठणठण

तारीख बारा जानेवारी. सकाळी थंडी होती. ऊन कोवळं होतं. वारा नव्हता.

टिकली ही एवढीशी मांजर. तिने माशाचा तुकडा चावला. आई गं! दात ठणकला. ठणठण, ठणठण! तुकडा खाली पडला. कावळ्याने झपकन उचलला. टिकली उपाशी. कालही उपाशी.

लुटुलुटु, लुटुलुटु. टिकली गेली जनावरांच्या डॉक्टरांकडे.

"डॉक्टर, डॉक्टर, दात बघा ना! दात ठणठण."

"बघतो की! पण धरणारं माणूस हवं. काल एका बोक्याने माझं बोट चावलं." डॉक्टरांनी पट्टी दाखवली. "जा, तुझ्या काकूंना आण."

लुटुलुटु, लुटुलुटु. टिकली घरी आली. मालूकाकू दात घासत होत्या. वरचे घासले. खालचे घासले. आरशात बघून हसल्या.

"काकू, काकू, चला ना! दात ठणठण. डॉक्टर बघेनात."

"अगं बाई! मांजरीच्या दाताला डॉक्टर? तुला काय लग्नात मिरवायचंय? आणि मांजर काखेत घेऊन चालू होय? गल्ली हसेल मला! जा, रिक्षा आण."

लुटुलुटु, लुटुलुटु. गंपूदादा रिक्षात आडवा झाला होता. डोकं आत, पाय बाहेर.

"दादा, दादा, रिक्षा काढ ना! दात ठणठण. डॉक्टर बघेनात. काकू येईनात."

"चहाशिवाय रिक्षा निघत नाही."

"रिक्षा चहा पिते?"

"मी पितो. मग ती निघते. जा, चहा आण."

लुटुलुटु, लुटुलुटु. चहाच्या टपरीवर सगुणामावशी.

"मावशी, मावशी, चहा उकळ ना! दात ठणठण. डॉक्टर बघेनात. काकू येईनात. रिक्षा निघेना."

"दूध संपलंय. नुसतं पाणी उकळू? आणि काय गं, मांजरींना दात असतात होय? जा, म्हशीला सांग."

लुटुलुटु, लुटुलुटु. म्हैस गोठ्यात उभी.

"म्हशी, म्हशी, दूध दे ना! दात ठणठण. डॉक्टर बघेनात. काकू येईनात. रिक्षा निघेना. चहा उकळेना."

"वैरण खाल्ल्याशिवाय दूध नाही. आणि वैरणीवर ते बघ, साहेब झोपलेत! जा, उठव."

वैरणीवर कुत्रा होता. नाव बहाद्दर. काम राखण. राखायचा झोपून.

"बहाद्दर, बहाद्दर, ऊठ ना! दात ठणठण. डॉक्टर बघेनात. काकू येईनात. रिक्षा निघेना. चहा उकळेना. म्हैस दूध देईना."

बहाद्दरने जांभई दिली. भप्प! केवढा वास! दात काळेकुळकुळीत. म्हशीने तोंड फिरवलं.

"माझे दात बघ, कसे छान! मी जातो का डॉक्टरकडे? नाही उठत, जा. उठवायचंय? मग चाव!"

टिकलीने तोंड उघडलं. ठणठण! तोंड मिटलं.

"हॅ हॅ हॅ! मांजरीला चावता येईना!"

टिकलीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिच्या कानात एक पिसू राहायची. ती म्हणाली, "काय झालं गं?"

"दात ठणठण. डॉक्टर बघेनात. काकू येईनात. रिक्षा निघेना. चहा उकळेना. म्हैस दूध देईना. कुत्रा उठेना."

"एवढंच? मला दात नाहीत, पण चावते झकास! तुझ्या कानात जागाही पुरत नाही. मला मोठं घर हवंच होतं."

टुण्ण! पिसूने उडी मारली. चट्ट! चावली.

"क्यांव! क्यांव!" कुत्रा उठला. पिसू तिथेच राहिली.

म्हशीने वैरण खाल्ली, कचर कचर. म्हशीने दूध दिलं, चुर्र चुर्र. चहा उकळला, खदखद खदखद. गंपूदादा प्यायला, फुर्र फुर्र. रिक्षा निघाली, फट फट फट. काकू आल्या. टिकली पिशवीत, पिशवीवर पदर. कुणाला दिसायला नको!

"म्याऊऽऽ!" पिशवी ओरडली. सगळ्या गल्लीने बघितलं.

काकूंनी टिकलीला धरलं. डॉक्टरांनी दात बघितले.

"काकू, हिचे दात कधी घासले होते?"

"इश्श! मांजरीचे?"

"मग कुणाचे? माझे?"

काकूंनी पदराने आपलं तोंड झाकलं.

डॉक्टरांनी सुई टोचली. टिकली झोपली. खर्र खर्र, दात साफ झाले. टक्! दुखरा दात निघाला.

संध्याकाळी टिकलीने वाटीभर मऊ मासा-भात खाल्ला.