चेटकिणीवर हसवणारा

एका शहरात शिवदास नावाचा एक चित्रपट काढणारा राहत होता. लोकांना हसवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. चित्रपट चालला की नाही, हे तो तिकीटखिडकीवर विचारत नसे. आपल्या चित्रपटातले वाक्य रस्त्यात कोणाच्या तोंडून ऐकू आले, की तो म्हणे, "चालला!"

एकदा त्याने एका चेटकिणीचा विनोदी चित्रपट काढला. ती दिसली की त्यातले गावकरी ओरडत, "आली चेटकीण, झाका पोरं!" आणि प्रेक्षक पोट धरधरून हसत. ते वाक्य घरोघरी पोचले. त्यात काही वाईट असेल, हे शिवदासच्या ध्यानीमनीही नव्हते.

पुढच्या चित्रपटासाठी जागा शोधत तो डोंगरातल्या एका पाड्यावर गेला. तिथेही तेच वाक्य कानी पडले. इतक्या आडरानातसुद्धा आपला चित्रपट पोचला, म्हणून स्वारी हरखली आणि बघायला वळली. एक विधवा पाण्याचा हंडा घेऊन चालली होती. पाड्यावरचे लोक हसत हसत तिला ते वाक्य ऐकवत होते. कोणीतरी दगड भिरकावला. तिच्या कपाळातून रक्त आले, तसे लोक आणखी हसले.

शिवदास तिच्या मागोमाग झोपडीपर्यंत गेला. तिचे नाव रूमलीबाई. शेजारणीची मुलगी तापाने दगावली होती, आणि हिनेच तिला खाल्ले असे लोक म्हणत होते.

"चित्रपटाच्या आधीही म्हणतच होते ना?" शिवदासने चाचरत विचारले.

"म्हणत होते, दादा. पण भीत भीत. भ्यायचे तेव्हा लांब राहायचे. आता हसतात, म्हणून जवळ येऊन मारतात."

शिवदासची मान खाली गेली. एकाचा खेळ होतो आणि दुसऱ्याचा जीव जातो, तसे झाले होते. तो चित्रपट आपणच काढल्याचे त्याने तिला सांगून टाकले.

रूमलीबाईने कपाळावरचे रक्त पदराने पुसले. मग म्हणाली, "तर मग तुम्हीच सांगा त्यांना. माझं कोण ऐकतंय?"

शहरात चित्रपटाला पैसा पुरवणारे मगनशेठ वाटच पाहत होते. त्यांना चेटकीण पुन्हा हवी होती. शिवदासने ती आणली. अर्धा चित्रपट पहिल्यापेक्षाही मजेदार झाला. मग त्याच चेटकिणीला दगड लागतो. ती घरी येते, एकटीच कपाळ धुते आणि शेजारणीच्या मेलेल्या लेकीसाठी रडते.

"एवढं रडणं कापून टाका," शेठ म्हणाले. "लोक हसायला येतात. नाहीतर एकाही थिएटरात लागू देणार नाही."

"शेठ, हसले नाहीत तर लोक या रडण्यापर्यंत बसणार नाहीत. पण इथवर आणायचंच नसेल, तर मी हसवू तरी कशाला?"

शेठनी बोलल्याप्रमाणे केले. वर्षानुवर्षे कमावलेले नाव महिन्याभरात पुसले गेले. शिवदासला त्याचे वाईट वाटले, खूप वाटले. तरी रूमलीबाईची परवानगी घेऊन तो पडदा आणि यंत्र गाडीत घालून त्याच पाड्यावर गेला.

सांज झाली. सगळा पाडा जमला. रूमलीबाई लांब झाडापाशी उभी राहिली. लोक मनमुराद हसले. पडद्यावर दगड लागला तेव्हाही सवयीने हसले. मग ती बाई कपाळ धुऊ लागली आणि एकेकाचे हसू विरत गेले. चित्रपट संपला तरी कोणी उठेना.

पुढे बसलेली त्या मेलेल्या मुलीची आई तेवढी उठली. गर्दीतून वाट काढत ती झाडापाशी आली.

"माझी लेक तापानंच गेली, रूमली," ती म्हणाली. "मला ठाऊक होतं. कोणावर तरी राग काढायचा होता, एवढंच."

तात्पर्य: हसवणाऱ्याच्या शब्दाला लोक चटकन भुलतात, म्हणून आपल्या विनोदाने कोणाचे माणूसपण हिरावले जात नाही ना, हे त्याने आधी पाहावे, आणि चूक झालीच तर ज्या कलेने ती घडली, त्याच कलेने ती निस्तरावी.